‘मात्र’ या शब्दाच्या पुढे वाचा

मंडळी, हल्ली गावाकडची पुष्कळ कुटुंबे तालुक्याला, नाही तर पुण्या-नाशिकला फ्लॅट घेतात. मुले तिकडे नोकरीला असतात. कुणी जमिनीचा तुकडा विकतो, कुणी बँकेचे कर्ज काढतो. जन्मभराची कमाई एका कागदावर येऊन बसते. त्या कागदाचे नाव विक्रीचा करार. पाने पुष्कळ असतात. “आप्पा, इथं सही करा, इथं करा, बाकी आम्ही बघतो,” असे म्हणत पाच मिनिटांत काम उरकतात. आता आपल्याला वाचता येते. तेव्हा त्या करारातली एकच गोष्ट आज पाहू. नवे घर बिघडले, तर दुरुस्ती कुणी करायची?

पहिल्याने कायदा पाहू. २०१६ साली केंद्र सरकारने घरबांधणीचा कायदा केला. लोक त्याला रेरा म्हणतात. महाराष्ट्रात त्याचे काम पाहणारे प्राधिकरण म्हणजे महारेरा. त्या कायद्याचे कलम १४ असे सांगते: घराचा ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष दिसला, आणि तो बिल्डरला कळवला, तर त्याने तीस दिवसांत तो फुकट दुरुस्त करायचा. न केल्यास भरपाई द्यायची. खांब, तुळई, स्लॅब यांचा दोष यात येतो. कारागिरीचा दोष येतो. मालाचा दोषही येतो. म्हणजे छत गळणे, गिलावा सुटणे, फरशी पोकळ बसणे, हे सगळे आले.

करारातही हे वचन असते. पण ते एका वाक्यात संपते. पुढे ‘मात्र’ किंवा ‘परंतु’ येतो, आणि मग पानभर मजकूर असतो. आम्ही शाळेत व्याकरण शिकवताना सांगत असू, की पण, परंतु ही न्यूनत्वबोधक अव्यये आहेत. न्यून म्हणजे कमी. आधी जे म्हटले, त्यातले काही कमी करणारे शब्द. पोरांना ते रुक्ष वाटे. करारात त्याच शब्दांना लाखाची किंमत येते.

त्या पानभर मजकुरात काय असते? काही अटी रास्त असतात. वापराने झिजलेल्या वस्तू बिल्डर बदलून देत नाही. नळाची चकती झिजली, रंग उडाला, तर ते आपले आपण पाहायचे. यात वाद नाही.

दुसरी अट मात्र नीट समजून घ्या. “ग्राहकाने लेखी संमतीवाचून न्हाणीघर, स्वयंपाकघर किंवा भिंती यांत फेरफार केल्यास हमी संपेल.” असे का? न्हाणीघराच्या फरशीखाली पाणी अडवणारा थर घातलेला असतो. असे समजा, मुलाने प्लंबर बोलावून नळ दुसऱ्या भिंतीला नेला. प्लंबरने फरशी फोडली, खालचा थरही फोडला. चार महिन्यांनी खालच्या घरात पाणी ठिबकू लागले. बिल्डर म्हणतो, “तुम्हीच फोडलंत.” आता चूक आधीची की नंतरची, हे कोण ठरवणार? म्हणून पाच वर्षे तरी शक्यतो ओल्या जागी छिन्नी लावू नका. लावायचीच असेल तर बिल्डरची संमती कागदावर घ्या. फोडण्याआधीचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा.

तिसरी अट लिफ्ट, पंप, सौर बंब अशा यंत्रांची. करारात लिहितात, की यांना कारखानदाराची जेवढी वॉरंटी, तेवढीच आमची. कारखान्याची वॉरंटी पाच वर्षांच्या आत संपली, तर देखभालीचा वार्षिक करार सोसायटीने चालू ठेवायचा. तो न ठेवल्यास बिल्डर हात वर करतो. म्हणून ताबा घेताना प्रत्येक यंत्राचे वॉरंटीपत्र मागून घ्या, आणि मुदत कधी संपते ते वाचा.

चौथी अट चमत्कारिक आहे. पुण्याकडच्या कित्येक करारांत ती दिसते. हवेतल्या उष्णतेत २० अंशांहून जास्त फरक पडून भिंतीला केसासारख्या चिरा गेल्या, तर तो दोष धरायचा नाही, असे त्यात लिहिलेले असते. आपल्याकडे थंडीत पहाटेचा गारठा आणि दुपारचे ऊन यांत एवढा फरक काही दिवशी पडतोच! वीटकाम व काँक्रीट कमी-जास्त फुगतात, त्यामुळे त्यांच्या सांध्यावर बारीक चीर जाते, हे खरे आहे. पण प्रत्येक चीर तशी नसते. तुळईवर किंवा खांबावर तिरकी चीर असेल, ती रुंद होत असेल, तर गोष्ट गंभीर आहे. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. महिन्याने पाहा. चीर रेघेच्या पुढे गेली असेल, तर ती वाढते आहे. लगेच कळवा.

कायद्याच्या कलमात असे अंशबिंश काही नाहीत. ही ओळ बिल्डरच्या वकिलाची. करारात पाचाच्या जागी एकच वर्ष लिहिले, म्हणून कायद्याची पाच वर्षे कमी होत नाहीत. दोषाच्या जबाबदारीचे नमुना-कलम बदलू नये, असे महारेरानेही २०२२ साली बिल्डरांना बजावले आहे. तरीपण भांडण झाले, की आधी बिल्डर तुमची सही दाखवतो. भांडणापेक्षा सहीआधी वाचलेले स्वस्त पडते.

वाचायला वेळ मिळतो का? मिळतो. नोंदणी केलेला करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला कायद्याने बंदी आहे. म्हणून मोठा पैसा देण्याआधी कराराची प्रत मागा, चार दिवस घरी ठेवा. करार इंग्रजीत असेल, तर जाणत्या माणसाकडून ओळीनुसार मराठीत सांगून घ्या. नोंदणी झालेल्या योजनेच्या कराराचा नमुना महारेराच्या संकेतस्थळावरही असतो. तो मुलाला काढायला सांगा. ‘मात्र’, ‘परंतु’, ‘वगळून’, ‘जबाबदार राहणार नाही’ या शब्दांखाली रेघ ओढा, आणि तेवढे वकिलाला दाखवा.

एक ध्यानात ठेवा. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर त्या योजनेची रेराखाली नोंदणी करावी लागत नाही. गावात आपल्या जागेवर मिस्त्रीकडून बांधून घेतलेल्या घरालाही रेराची ही पाच वर्षांची हमी नाही. तिथे मिस्त्रीशी बोलून, गळती किती वर्षे तो पाहील, हे आधीच लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

दोष दिसला तर नुसता फोन करू नका. पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, किंवा स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. पत्र असे लिहावे:

“आपल्याकडून घेतलेल्या सदनिका क्रमांक … चा ताबा आम्हाला तारीख … रोजी मिळाला. तारीख … रोजी न्हाणीघराखालच्या छताला गळती दिसली. आम्ही तेथे कोणताही फेरफार केलेला नाही. फोटो सोबत जोडले आहेत. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करून द्यावी.”

तीस दिवसांत कुणी फिरकले नाही, तर हेच पत्र, पोच आणि फोटो जोडून महारेराकडे तक्रार करता येते. ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे.