लोखंडाहून हवा जड!

पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याचे चित्र आपण पाहिलेच असेल. फ्रेंच राज्यक्रांतीला शंभर वर्षे झाली म्हणून १८८९ साली पॅरिसला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्यासाठी गुस्ताव्ह आयफेल यांच्या कारखान्याने हा ३०० मीटर उंचीचा मनोरा उभारला. त्यात सुमारे ७,३०० टन लोखंड आहे. आकडा ऐकून मनोरा फार जड वाटतो. खरेच तसे आहे का?

मनोऱ्याचा पाया चौरस असून त्याची बाजू सुमारे १२५ मीटर आहे. चौरसाच्या चारही कोपऱ्यांतून जाणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ८८ मीटर येते. आता या वर्तुळावर ३०० मीटर उंचीचे पोकळ नळकांडे उभे आहे अशी कल्पना करा. मनोरा त्यात बरोबर मावेल. नळकांड्याचे घनफळ होईल सुमारे ७३ लाख घनमीटर. एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. म्हणजे नळकांड्यातील हवा भरली जवळजवळ ८,८०० टन! मनोऱ्यातील लोखंडाहून त्याच्या भोवतालची हवाच जड.

इतका हलका मनोरा वाऱ्यापुढे टिकतो कसा? ही शंका त्या काळी पोकळ नव्हती. १८७९ साली स्कॉटलंडमधील टे नदीवरचा लोखंडी पूल वादळात कोसळून आगगाडी प्रवाशांसह नदीत गेली होती.

वाऱ्याचा जोर मनोऱ्याला उलथवू पाहतो. या उलथवण्याचे माप म्हणजे बलाचे आघूर्ण: बल गुणिले अंतर. वारा दर मीटर उंचीवर सारखाच जोर लावतो असे धरू. शेंड्यापासून दुप्पट खाली आलो की वरच्या भागावरील एकूण बल दुप्पट होते आणि त्याचे सरासरी अंतरही दुप्पट. म्हणून आघूर्ण चौपट! अर्थात मनोरा खाली झपाट्याने रुंदावत जायला हवा. धावत्या बसमध्ये आपण पाय फाकवून उभे राहतो, तसेच हे. पायांचा तो डौलदार बाक केवळ शोभेसाठी नाही. त्यामागे हे गणित आहे. शिवाय बांधणी जाळीदार असल्याने बराचसा वारा आरपार निघून जातो.

मनोरा वाऱ्याला पुरून उरला, पण त्याच्यापुढे दुसरे संकट होते. परवानगी फक्त वीस वर्षांची होती; पुढे तो पाडता आला असता. तेव्हा आयफेल यांनी त्याला प्रयोगशाळाच बनवले. वर हवामानाची निरीक्षणे सुरू केली. दुसऱ्या मजल्यावरून, सुमारे ११५ मीटर उंचीवरून, निरनिराळ्या आकारांच्या वस्तू खाली सोडून हवेचा विरोध मोजला. १८९८ साली शेंड्यावरून सुमारे चार किलोमीटरवरच्या पँथिऑन या इमारतीपर्यंत बिनतारी संदेश गेला. पुढे लष्करालाही हा उंच खांब बिनतारी संदेशांसाठी मोलाचा वाटला आणि १९१० पासून मनोऱ्याला आणखी सत्तर वर्षांची मुदत मिळाली. प्रदर्शनाची शोभा विज्ञानाच्या उपयोगामुळे वाचली!

आता एक गणित तुमच्यासाठी. या मनोऱ्याची ३० सेंटिमीटर उंचीची, त्याच लोखंडाची हुबेहूब प्रतिकृती केली तर तिचे वस्तुमान किती? उंची हजारपटीने कमी झाली, तर घनफळ कितीपटीने कमी होईल, याचा आधी विचार करा. उत्तर ७ ग्रॅमच्या आसपास आले, तर तुमची रीत बरोबर आहे असे समजा.