राउटरची पारख

घरात मोबाइल, संगणक, दूरचित्रवाणीचा संच अशी तीन-चार यंत्रे असली, तरी बाहेरून येणारी इंटरनेटची तार बहुधा एकच असते. तिच्यावरून येणारी माहिती मात्र वेगवेगळ्या यंत्रांसाठी असते. पोस्टमास्तर ज्याप्रमाणे थैलीतील पत्रे पत्त्यांप्रमाणे निवडून त्या त्या पोस्टमनच्या हाती देतात, त्याप्रमाणे माहितीच्या प्रत्येक तुकड्यावरील पत्ता वाचून तो योग्य यंत्राकडे पाठविण्याचे काम एक लहानशी पेटी करते. या पेटीस राउटर म्हणतात. ही वाटणी जो तारेवाचून करतो, तो बिनतारी किंवा वाय-फाय राउटर होय.

मुलांचा अभ्यास, आईचा बँकेतील व्यवहार, आजोबांचे निवृत्तिवेतन, परगावच्या नातलगांचे क्षेमकुशल, हे सारे आज अनेक घरांत या पेटीतून ये-जा करते. म्हणून ती विकत घेताना केवळ रंगरूप अथवा किंमत पाहून चालत नाही. तिची पारख करावी लागते, आणि पारख करावयाची तर तिचे काम कसे चालते हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

अदृश्य लहरी भिंतीपलीकडे जाऊ शकतात, हे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात जाहीर प्रयोग करून दाखविले. त्यांनी निर्माण केलेल्या लहरींनी भिंती ओलांडून दूर ठेवलेली घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. पुढे १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या बेटांवरील केंद्रे रेडिओलहरींच्या साहाय्याने संगणकाशी जोडली. त्यांच्यापुढे एक मोठी अडचण होती. दोघांनी एकाच वेळी संदेश पाठविला की दोन्ही संदेश एकमेकांत मिसळून निरुपयोगी होत. यावर त्यांनी साधा उपाय योजिला. संदेश पोहोचला नाही, तर प्रत्येकाने निरनिराळा वेळ थांबून तो पुन्हा पाठवावा. आजचा राउटरही कोणी बोलत आहे काय, हे आधी ऐकतो आणि मग आपला संदेश पाठवितो. वाय-फायचे पहिले सर्वमान्य नियम १९९७ साली ठरले. तेव्हाचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त २० लाख बिट एवढाच होता. आज तो शेकडो पटींनी वाढला आहे.

राउटरच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे सहा सेंटिमीटर असते. पहिली लहर भिंतीतून अधिक चांगली पार जाते. परंतु शेजाऱ्यांचे राउटर, बिनतारी श्रवणयंत्रे, एवढेच नव्हे तर स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात असल्यामुळे तेथे गर्दी फार. दुसऱ्या लहरीचा वेग अधिक, पण भिंत आडवी आली की तिची शक्ती झपाट्याने घटते. म्हणून दोन्ही पट्टे असलेला राउटर घेणे हिताचे ठरते. जवळच्या यंत्राने वेगवान लहर वापरावी, दूरच्याने दूरगामी.

येथे घराच्या बांधणीचा विचार येतो. लाकडी फळीची अथवा पातळ विटांची भिंत लहरींना फारशी अडवीत नाही. पण कोकणातील जांभ्या दगडाच्या जाड भिंती, शहरातील सळई घातलेले सिमेंटचे स्लॅब, लोखंडी कपाटे आणि छपराचे पत्रे यांपुढे त्या दुबळ्या पडतात. धातू लहरींना परतवितो व पाणी त्यांना शोषून घेते. त्यातच, मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झाले की लहरीची शक्ती एक चतुर्थांश उरते. यास्तव राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर आणि मोकळ्या जागी ठेवावा. तो कपाटात कोंडणे किंवा दूरचित्रवाणीच्या मागे दडविणे म्हणजे दिवा लावून त्यावर टोपली घालण्यासारखेच आहे! घर लांबट असेल किंवा दोन मजली असेल, तर एकच मोठा राउटर घेण्यापेक्षा दोन लहान उपकरणे तारेने जोडून दोन ठिकाणी ठेवल्याने काम अधिक चांगले होते. जे यंत्र जागचे हलत नाही, त्यास शक्य तर तारच जोडावी. तारेइतका भरवसा लहरीचा नसतो.

दुकानात गेल्यावर खोक्यावरील मोठमोठे आकडे मोह घालतात. परंतु ते नीट वाचता आले पाहिजेत. ‘३०००’ असा आकडा असला, तर तो बहुधा दोन्ही पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज असते. कोणत्याही एका मोबाइलला तो वेग मिळत नाही. शिवाय विहिरीला पाणी जेवढे, तेवढेच पोहऱ्यात येणार. घरात येणाऱ्या तारेवरून सेकंदाला १०० मेगाबिट माहिती येत असेल, तर सर्वांत महाग राउटरही इंटरनेटवरून त्याहून अधिक आणू शकत नाही. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे हा वेग साडेबारा मेगाबाइट झाला. उलटपक्षी, तारेचा वेग ३०० मेगाबिट असून राउटरचे तार जोडण्याचे छिद्र १०० मेगाबिटांचेच असेल, तर घेतलेल्या वेगातील दोन तृतीयांश भाग वाया जातो. अँटेना किती आहेत यापेक्षा ही गोष्ट पाहणे अगत्याचे आहे.

पण नुसता वेग म्हणजे विश्वासार्हता नव्हे. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने जगभरातील घराघरांतील कॅमेरे आणि राउटर मालकांच्या नकळत ताब्यात घेतले. तिची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द पुष्कळांनी कधी बदललेलेच नसत. ती आज्ञावली तेच ठराविक शब्द एकामागून एक लावून पाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिच्याच एका सुधारित रूपाच्या हल्ल्यामुळे जर्मनीत सुमारे ९ लाख ग्राहकांची इंटरनेट अथवा दूरध्वनी सेवा विस्कळीत झाली. या खेपेस परवलीचा शब्द नव्हे, तर राउटरमधील उणिवेचा फायदा घेण्यात आला होता. कंपनीने दुरुस्त केलेली आज्ञावली पाठविल्यानंतरच सेवा पूर्ववत झाली.

या घटनांपासून दोन बोध मिळतात. घरी आणताच राउटरचा परवलीचा शब्द बदलावा. आणि ज्याची आज्ञावली निर्माता पुढील अनेक वर्षे दुरुस्त करून देणार आहे, असाच राउटर निवडावा. ब्रिटनमध्ये तर २९ एप्रिल २०२४ पासून असा कायदाच लागू झाला आहे. सहज ओळखता येणारा परवलीचा शब्द घालून असे उपकरण तेथे विकता येत नाही, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या किती काळ मिळतील हेही निर्मात्यास सांगावे लागते. आपल्याकडील ग्राहकानेही हाच प्रश्न दुकानदारास विचारावा. तसेच संदेश गुप्त ठेवणारी २०१८ साली आलेली ‘डब्ल्यूपीए-३’ ही पद्धत राउटरमध्ये असल्याची खात्री करून घ्यावी. ‘डब्ल्यूईपी’ ही जुनी पद्धत २००१ सालीच कच्ची ठरली आहे.

शेवटी काही लहान गोष्टी. राउटर अहोरात्र चालतो, म्हणून त्याच्या अंगाला हवा खेळण्यासाठी छिद्रे असावीत. वीज वारंवार जात असेल, तर त्यास लहान बॅटरी जोडावी. त्याची हमी किती वर्षांची आहे आणि दुरुस्ती आपल्या गावात होते काय, हे विचारून घ्यावे. ज्याने आपले घर, आपली तार आणि आपली गरज मोजून घेतली, त्याला साध्या किमतीचा राउटरही वर्षानुवर्षे निमूटपणे साथ देतो.

शब्दार्थ

परवलीचा शब्द – आत प्रवेश मिळविण्यासाठी ठरविलेला गुप्त शब्द, पासवर्ड
आज्ञावली – यंत्राने कोणते काम कसे करावे हे सांगणाऱ्या सूचनांचा संच
पोहरा – विहिरीतून पाणी काढण्याचे भांडे
अगत्याचे – जरुरीचे

स्वाध्याय

१. राउटरला पोस्टमास्तरांची उपमा का दिली आहे?
२. २.४ व ५ गिगाहर्ट्झच्या लहरींतील फरक सांगा.
३. कारणे द्या : (अ) राउटर कपाटात ठेवू नये. (आ) परवलीचा शब्द ताबडतोब बदलावा.
४. ‘विहिरीला पाणी जेवढे, तेवढेच पोहऱ्यात येणार’ हे वाक्य या पाठात कोणत्या संदर्भात आले आहे?
५. आपल्या घराचा आराखडा काढा. भिंती कशाच्या आहेत ते लिहून, राउटर कोठे ठेवावा हे कारणासह दाखवा.