बाटली स्वयंपाकघरातच ठेव

सफरचंदाचं व्हिनेगर आणलंच आहेस, तर आधी लेबल वाच. ॲसिडिटी ५ टक्के हवी. 'सिंथेटिक' लिहिलेलं दिसलं, तर ते फळाचं नव्हे. तळाशी गढूळ तंतू दिसले म्हणून ओतून देऊ नकोस. सफरचंदाच्या रसाची आधी दारू होते, मग हवा लागली की जिवाणू त्या दारूचं व्हिनेगर करतात. तो साका त्यांचाच.

ते काचेतच ठेवायचं. तांब्या-पितळेला आणि ॲल्युमिनियमला लावायचं नाही. कल्हई कुठे उडाली आहे, ते दिसत नाही गं.

लाल कांदा उभा पातळ चिर, मीठ चोळ, व्हिनेगर आणि पाणी समसमान घाल, वर चिमूटभर साखर. अर्ध्या तासात गुलाबी होतो. बिटाचा रंगही असाच खुलतो. हिरव्या भाज्यांचं मात्र उलटं, आंबटाने त्या खाकी पडतात. म्हणून काकडी-कोबीच्या कोशिंबिरीत पानं घेतानाच घाल. डाळ, बटाटा, कडधान्य शिजायच्या आधी घातलंस तर दडदडीत राहतील. चिंच आपण डाळ शिजल्यावर घालतो, ती याचसाठी. मटणाला दोन चमचे चोळून तासभर ठेव, रात्रभर नको, वरचा थर भुसभुशीत होतो. बिनअंड्याच्या केकमध्ये सोड्यासोबत चमचाभर चालतं, पण मग लगेच ओव्हनमध्ये घाल. बुडबुडे विरले की केक बसलाच.

गोव्याच्या विंदालूला खरं तर माडाच्या सुरेचं व्हिनेगर लागतं. ते नसेल तर हे चालवून घे. आमटीत मात्र मी तुला हे घालू देणार नाही. तिथे चिंच आणि आमसूलच.

आता औषधाचं. भात-पोळीच्या जेवणात थोडं व्हिनेगर असलं तर जेवणानंतर रक्तातली साखर जरा कमी चढते, हे अभ्यासांत दिसलं आहे. फायदा छोटा आहे, आणि तो कोशिंबिरीतूनही मिळतो. सकाळी उपाशीपोटी घोट घ्यायची काही गरज नाही. वजन उतरतं म्हणून २०२४ मध्ये लेबनॉनमधला एक अभ्यास फार गाजला. त्याच्या आकडेवारीवर भरवसा ठेवता येईना, म्हणून २०२५ मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. त्याच्या जोरावर कुणी काही विकत असेल तर पैसे देऊ नकोस.

तरी प्यायचंच असेल तर मोठ्या पेल्याभर पाण्यात एक-दोन चहाचे चमचे, जेवणासोबत. निव्वळ कधीच नाही, घसा भाजतो. नंतर साध्या पाण्याने चूळ भर, आणि अर्धा तास तरी ब्रश करू नकोस. आम्लाने दातांवरचं कवच मऊ झालेलं असतं, ते घासलं जातं. तुझ्या सासूबाई इन्सुलिन घेतात आणि लघवीची गोळीही. त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. साखर एकदम उतरू शकते, पोटॅशियमही. जुन्या मधुमेहात काहींचं पोट आधीच सावकाश रिकामं होतं, व्हिनेगरने ते आणखी मंदावतं. तुझी जळजळ अजून थांबली नसेल, तर तूही लांब राहा.

चामखिळीवर बोळा बांधून ठेवू नकोस, कातडी पोळते. आणि मोरी घासताना ब्लीचमध्ये हे चुकूनही ओतू नकोस. क्लोरीनचा विषारी वायू निघतो. कामवाल्या मावशींनाही हे आजच सांग.