तिसरी शस्त्रक्रिया नको, भरपाईचं काय?

प्रश्न : 2024 मध्ये रबाळे एमआयडीसीत प्रेस मशीनखाली माझं उजवं मनगट चिरडलं. वय 40, पगार 24,000 रुपये, ईएसआय नाही. दोन शस्त्रक्रिया झाल्या, तिसरी मला नको. कंपनी म्हणते, ‘मग दोन लाख घ्या आणि सही करा.’ काय करू?

उत्तर : सही करू नका. शस्त्रक्रियेला नकार देणं हा तुमचा हक्क आहे, त्यानं भरपाई बुडत नाही. तुमचा अपघात 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली येतो. मोफत देऊ केलेले उपचार विनाकारण नाकारले आणि त्यामुळे दुखापत बळावली, तरच तेवढा वाढलेला भाग मोजला जात नाही. म्हणून ‘तिसऱ्या शस्त्रक्रियेत फायदा कमी, धोका जास्त’ असं तुमच्या डॉक्टरांचं मत असेल, तर ते लेखी घ्या. फिजिओथेरपी मात्र सोडू नका.

आता हिशेब. कायदा पगार 15,000 पर्यंतच धरतो. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. चाळिशीचा गुणक 184.17. कमाईची क्षमता कायमची 30 टक्के घटल्याचं डॉक्टरांनी ठरवलं, तर रक्कम होते 4,97,259 रुपये. उपचारांचा खर्च वेगळा, थकबाकीवर 12 टक्के व्याज वेगळं. दोन लाखांत कंपनी तुम्हाला फसवते आहे, असं मला स्पष्ट वाटतं.

तडजोड करायचीच तर करार भरपाई आयुक्तांकडे नोंदवा. रक्कम अपुरी असेल तर ते नोंदणी नाकारू शकतात. हक्क सोडल्याची खासगी सही कायद्यानं रद्दबातल आहे. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं. ती उलटली असेल तर उशिराचं सबळ कारण लिहून आजच अर्ज करा.