कड्यातला पंखा

प्रास्ताविक

एखादे अवाढव्य मालवाहू जहाज बंदरात शिरते, तेव्हा त्याच्या अंगाशी लगटून चालणाऱ्या लहानशा बोटी तुम्ही प्रत्यक्ष किंवा चित्रात पाहिल्या असतील. त्यांना ‘टग’ म्हणतात. जहाजाला ओढत, ढकलत धक्क्याला लावणे हे त्यांचे काम. आकाराने जहाजाच्या पासंगालाही न पुरणारी ही बोट एवढा जोर आणते कोठून? दणकट इंजिन हा उत्तराचा एक भाग झाला. दुसरा भाग पाण्याखाली दडलेला असतो. त्याची ओळख या पाठात करून घ्यायची आहे.

मूळ पाठ

बोटीच्या मागच्या अंगाला फिरणारा पंखा, म्हणजेच प्रोपेलर, पाणी मागे लोटतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने बोट पुढे रेटली जाते. हा रेटा दोन गोष्टींवर ठरतो : दर सेकंदाला किती पाणी मागे गेले आणि ते किती वेगाने गेले. समजा, धक्क्याला बांधलेल्या एका बोटीचा पंखा सेकंदाला १ टन पाणी ६ मीटर प्रतिसेकंद वेगाने फेकतो, आणि दुसरीचा २ टन पाणी ३ मीटर प्रतिसेकंद वेगाने. दोहोंचा रेटा अगदी सारखा. पाण्याला दिलेली ऊर्जा मात्र सारखी नाही, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या पंख्याला १८ किलोवॅट शक्ती लागेल, तर दुसऱ्याला केवळ ९. थोडे पाणी जोराने भिरकावण्यापेक्षा पुष्कळ पाणी संथपणे लोटणे किफायतीचे असते. रँकिन यांनी १८६५ मध्ये आणि आर. ई. फ्रूड यांनी १८८९ मध्ये प्रोपेलरविषयी केलेल्या विवेचनाचा गाभा हाच आहे.

मग पंखाच मोठा का बसवू नये? जागा मिळाली तर अवश्य बसवावा. त्याहून सोपा उपाय नाही. पण उथळ पाणी आणि बोटीची बांधणी यांमुळे पंख्याच्या व्यासाला मर्यादा पडते.

येथे लुडविग कोर्ट या जर्मन अभियंत्याची युक्ती उपयोगी पडली. कालव्यांतून जाणाऱ्या टगच्या पंख्यांमुळे पाणी खवळून काठ खचत असत. हा झोत आवरण्यासाठी पंख्याभोवती आवरण घालण्याचे प्रयोग सुरू झाले आणि काठ वाचवता वाचवता रेटाही वाढतो, असे आढळून आले. १९३० च्या दशकात रूढ होऊ लागलेले हे कडे आज ‘कोर्ट नोझल’ म्हणून ओळखले जाते.

नोझल म्हणजे पुढच्या तोंडाशी रुंद असलेली आखूड नळी. तिच्या भिंतीचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो. उघड्या पंख्यामागचा झोत आकसत जातो. बोट जागच्या जागी ओढत असेल तर तो पंख्याच्या क्षेत्रफळाच्या निम्म्यावर येतो. कडे हे आकसणे रोखते, त्यामुळे अधिक पाणी आत खेचले जाते. आत शिरणाऱ्या या पाण्यामुळे कड्याच्या ओठाशी दाब कमी होतो आणि कडे स्वतःच पुढे ओढले जाते. न फिरणारा भाग रेट्याचा मोठा वाटा उचलतो, ही खरी नवलाची गोष्ट! आदर्श गणिताप्रमाणे तेवढ्याच शक्तीत रेटा सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो. टगची ओढ मोजण्यासाठी तिला धक्क्यावरील लोखंडी खुंटाला दोराने बांधतात व मध्ये ताणमापक बसवतात. अशा चाचण्यांतही चांगल्या नोझलचा लाभ याच्या आसपास दिसतो.

मात्र वेग वाढला की चित्र पालटते. साधारण १० नॉटच्या, म्हणजे ताशी १८-१९ किलोमीटरच्या पुढे कड्यालाच पाण्याचा विरोध एवढा होतो, की लाभ संपून तोटा सुरू होतो. शिवाय बोट मागे घेताना अनेक नोझलांची कामगिरी पुढे जातानापेक्षा उणी असते.

ट्रॉलर ही मासेमारी बोट ३-४ नॉट वेगाने तासन्‌तास जाळे ओढते. तिला नोझल मानवते. पण मासे दूर असतील आणि बहुतेक डिझेल जाण्यायेण्यातच जळत असेल, तर मालकाने हिशेब पुन्हा मांडावा. अनेक ठिकाणी डिझेलचा खर्च वजा करूनच खलाशांचे वाटे पडतात; म्हणून ही चूक एकट्या मालकाला भोवत नाही. जुन्याच पंख्यावर नुसते कडे चढवूनही भागत नाही. पात्यांची टोके रुंद हवीत, पंख्याचे आटे इंजिनाशी जुळलेले हवेत, आणि टोक व कडे यांतील फट अगदी अरुंद हवी. त्या फटीत दोर अडकला तर भर समुद्रात पंखा जाम होतो. हे सारे जमूनही तांडेलाने वाढलेल्या जोराच्या भरवशावर मोठे जाळे ओढायचे ठरवले, तर मासळी कदाचित वाढेल, पण डिझेलचे बिल तेवढेच येईल. बचत हवी असेल, तर जाळे तेच ठेवून इंजिनाचे फेरे कमी करावे लागतात.

स्वाध्याय

१. ‘न फिरणारा भाग रेट्याचा मोठा वाटा उचलतो’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. एक बोट ४ तास जाळे ओढते व ११ तास ये-जा करते. दुसरी १२ तास जाळे ओढते व ३ तास ये-जा करते. नोझल बसवण्याचा सल्ला तुम्ही कोणाला द्याल? का?