गटासाठी छोटा लॅपटॉप घ्यावा का?

तायांनो, उमेळ्यात लॅपटॉपचा विषय निघाला की आधी किंमत विचारतात. आधी हे ठरवा, त्यावर करायचं काय? हे पैसे एखादीच्या कर्जाला गेले असते, हे लक्षात असू द्या. एक्सेलमध्ये बचत-कर्जाचा हिशेब आणि बँकेचे अर्ज एवढंच असेल, तर छोटा लॅपटॉप पुरतो. टॅली वापरायची असेल तर विंडोजवालाच घ्या, क्रोमबुक नको. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. तेवढीच असली तर फोटोंना फार जागा उरत नाही. जुना स्वस्त मिळतोय? त्यात विंडोज १० असेल तर त्याची नेहमीची अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. दुकानात पेन ड्राइव्हवर गटाची फाइल न्या, उघडा, दोन ओळी मराठीत टाइप करा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.