चित्र आणि गुन्हा : न्यूयॉर्कच्या एका कायद्याचा अभ्यास

मूलभूत हक्कांवर चर्चा चालू असताना वर्गातील एका मित्राने विचारले, "मुलांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण विकणाऱ्याने त्या मुलाला हातही लावलेला नसतो. मग त्याला शिक्षा कशासाठी?" या प्रश्नाचे उत्तर मला एका अमेरिकन खटल्यात सापडले.

न्यूयॉर्क राज्याने 1977 साली एक कायदा केला. सोळा वर्षांखालील मुलाचे लैंगिक चित्रण विकणे वा प्रसृत करणे हा त्यान्वये गुन्हा ठरला. चित्रण 'अश्लील' असल्याचे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. फर्बर नावाच्या पुस्तक-दुकानदाराने अशा दोन फिती वेषांतर केलेल्या पोलिसाला विकल्या. ज्यूरीने त्याला अश्लीलतेच्या आरोपातून सोडले. परंतु नव्या कलमाखाली दोषी ठरविले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र भाषणस्वातंत्र्याच्या आधारे ही शिक्षा रद्द केली. अखेर 2 जुलै 1982 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. निकालाबाबत नऊही न्यायमूर्तींचे एकमत होते.

न्यायालयाची मुख्य कारणे दोन. एक, चित्रण ही शोषणाची कायमची नोंद असते व तिच्या प्रसाराने मुलाची इजा वाढतच जाते. दोन, निर्मिती गुप्तपणे चालते. म्हणून विक्रीची वाट बंद केल्याखेरीज तिला आळा बसत नाही.

माझ्या वडिलांना वाचता येत नाही. त्यांना हा खटला सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे पोरगं मोठं हुईल, पण चित्रातलं पोरगं तिथंच अडकून ऱ्हाईल." पहिले कारण याहून सोपे करून मला सांगता येणार नाही.

पुढे 1990 साली ओहायो राज्याचा असे चित्रण घरी बाळगण्यासही बंदी घालणारा कायदा याच न्यायालयाने मान्य केला. परंतु 2002 साली, ज्यात खरे मूल नाही अशा चित्रांवरील केंद्रीय कायद्याची सरसकट बंदी त्याने रद्द केली. यावरून कायद्याचा रोख चित्रावर नसून त्यामागील मुलाच्या रक्षणावर आहे, हे ध्यानात येते.

आपल्याकडे 2012 चा 'पॉक्सो' कायदा आहे. केवळ डाउनलोड करून पाहणे गुन्हा नव्हे, हा मद्रास उच्च न्यायालयाचा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 रोजी रद्द केला. शिवाय न्यायालयांनी 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दही वापरू नये, असे बजावले. कारण त्या शब्दात संमतीचा भास आहे, शोषणाचा नाही. मित्राच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे : पाहणारा दूर असला, तरी त्याच्या मागणीचा हात त्या मुलापर्यंत पोहोचलेलाच असतो.